थोडक्यात निभावलं

(प्रस्तावना)

प्रेसशॉपमध्ये काही वर्षं काढलेल्या प्रत्येकाच्या तोंडी हे दोन शब्द कधी ना कधी आलेले असतात. रॅम खाली येतो, हात वेळेत मागे निघतो, हातमोज्याचं टोक तेवढं डायमध्ये चेपतं. शेजारच्या मशीनवरचे दोघं क्षणभर बघतात. तो म्हणतो, "थोडक्यात निभावलं." कुणीतरी पाठीवर थाप मारतं आणि पुढचा ब्लँक डायवर जातो. त्या दोन शब्दांनंतर कारखान्यात काय होतं, आणि बहुतेक वेळा काय होत नाही, यावर हे पुस्तक लिहिलं आहे.

मी ते शब्द ऐकले आणि सोडून दिले, तिथूनच सुरुवात करायला हवी. डिप्लोमा करून भोसरीतल्या एका शेडमध्ये ट्रेनी म्हणून मी नुकताच लागलो होतो. बारा प्रेस, दोन शिफ्ट, दुचाकीच्या ब्रॅकेटचं काम. एका सोमवारी चहाच्या सुट्टीत लातूरकडचा एक ऑपरेटर माझ्याजवळ आला. "साहेब, चार नंबरने आज आपोआप दुसरा स्ट्रोक दिला. थोडक्यात निभावलं." सुपरवायझरला सांगितलंस का, असं मी विचारलं. "सांगितलं. म्हणाले, लॉट उद्या जायचाय, गुरुवारी सुट्टीला खोलू." भोसरी पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे उत्तर मला रास्त वाटलं. मी चहा संपवला. बुधवारी दुसऱ्या शिफ्टला त्याच मशीनवर दुसरा मुलगा बसला होता. सोमवारची गोष्ट त्याला कुणीही सांगितलेली नव्हती. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चार नंबरला झालं काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये जड फ्लायव्हील अखंड फिरत असतं. पायडल दाबलं की क्लचमधली चावी वळते, शाफ्ट फ्लायव्हीलला जोडला जातो आणि रॅम खाली येऊन वर जातो. एक फेरा पूर्ण झाला की चावी सुटली पाहिजे. ती सोडवणारी स्प्रिंग थकली किंवा चावीची कड झिजली, तर ती सुटत नाही आणि रॅम बोलावल्याशिवाय पुन्हा खाली येतो. नेमक्या त्याच वेळी ऑपरेटरचा हात पीस काढायला आत गेलेला असतो. या क्लचची आणखी एक खोड आहे: चावी एकदा बसली की स्ट्रोक मध्येच थांबवता येत नाही. पायडलवरून पाय काढा, मेन स्विच बंद करा, साठवलेल्या वेगाने फेरा पूर्ण होणारच. म्हणजे त्या मुलाने कितीही काळजी घेतली असती, तरी त्या क्षणी त्याच्या हातात काही नव्हतं. जे काही करता येण्यासारखं होतं, ते सोमवारी चहाच्या वेळी होतं, आणि ते माझ्या हातात होतं.

अपघाताचा फॉर्म मीच भरला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे मला सांगण्यात आलं आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं की बोटांचे आकडे कायद्यात छापलेले आहेत. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, कोणता अवयव गेल्याने माणसाची कमावण्याची ताकद किती टक्के घटते, याचा तक्ता होता. अंगठा गेला तर 30 टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. एका हाताची तीन बोटं मिळून 30, म्हणजे एका अंगठ्याइतकीच. हा तक्ता करणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. भरपाई द्यायची तर काहीतरी माप लागतंच. पण तीन बोटं गेलेल्या माणसाला लेंग्याची नाडी बांधता येत नाही, लेकराला एका हाताने उचलता येत नाही, आणि पुढच्या कारखान्याच्या गेटवर हात खिशात ठेवून उभं राहावं लागतं. हे त्या 30 टक्क्यांत कुठे बसतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

जखमी कामगाराच्या पोटापाण्याचा प्रश्न आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांनी फार आधीच मांडला होता. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, या मागण्या आपल्याला शाळेपासून माहीत असतात. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, जिची आठवण फारशी निघत नाही: गिरणीत काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा यायला 1923 उजाडलं. या चाळीसेक वर्षांत गिरण्यांच्या पट्ट्यांमध्ये आणि कार्डिंगच्या रुळांमध्ये किती हात गेले असतील, याचा अंदाज करायला बसलो की मन लागत नाही.

आता 'सुरक्षा संस्कृती' या शब्दाकडे येतो. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात एप्रिल 1986 मध्ये झाला. त्याची कारणं शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञ गटाने हा शब्द प्रचारात आणला. नुसत्या यंत्रातला दोष आणि नुसती माणसाची चूक यांनी त्या रात्रीचा उलगडा होत नव्हता. त्या दोहोंच्या मागे असलेली, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली वागण्याची रीत होती, तिला काहीतरी नाव हवं होतं. पुढे हा शब्द इतका वापरला गेला की आता तो प्रत्येक मोठ्या कंपनीच्या भिंतीवर दिसतो. माझ्यापुरता मी त्याचा अर्थ अगदी छोटा करून घेतला आहे. वाईट बातमी घेऊन येणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, ती त्या कारखान्याची सुरक्षा संस्कृती. बाकीचं सगळं, हेल्मेट, पिवळे पट्टे, शपथा, त्यानंतर येतं.

भोपाळच्या वायुदुर्घटनेकडे याच नजरेने पाहा. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री तिथल्या रसायन कारखान्यात 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. टाकीत सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट होतं. ते थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा जूनपासून बंद होती. वायू धुऊन काढणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी सोडवलेला होता. पाण्याचे फवारे होते, पण वायू जिथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत ते पोचत नव्हते. यातलं काहीही त्या एका रात्रीत घडलेलं नाही. एकेक गोष्ट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणाने, कुणाच्या तरी सहीने किंवा कुणाच्या तरी गप्प बसण्याने झाली होती. आणि बोलणारे नव्हते असंही नाही. त्याआधी तिथे वायुगळती झाली होती, कामगार जखमी झाले होते, एकाचा जीवही गेला होता. कामगारांच्या संघटनेने आवाज उठवला होता. कंपनीच्याच अमेरिकेतून आलेल्या पथकाने 1982 मध्ये त्रुटी लिहून दिल्या होत्या. पत्रकार राजकुमार केसवानी 1982 पासून शहराला सावध करत होते. बातमी पोचलेली होती. ती ऐकून कुणी प्लांट थांबवला नाही.

माझ्या बारा प्रेसच्या शेडची तुलना मी भोपाळशी करावी, हे काहींना अति वाटेल. हानी मोजायची तर ती अतिच आहे, पण रीत तीच होती. 'गुरुवारी खोलू' आणि 'पुढच्या बंदमध्ये बघू' ही एकाच घरातली वाक्यं आहेत.

शिफ्ट बदलताना बातमी कशी हरवते, यासाठी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटाची गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. 6 जुलै 1988 ला दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला आणि उघड्या तोंडावर तात्पुरतं झाकण लावलं. काम अपुरं आहे हा निरोप रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचला नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच सुरू केला. 167 माणसं गेली. कागद होता, परवानगीची पद्धत होती, सह्या होत्या. एका माणसाने दुसऱ्याला, समोरासमोर उभं राहून, "हा पंप लावू नकोस" एवढं सांगितलेलं नव्हतं. चार नंबरवर बुधवारी बसलेल्या मुलालाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून या पुस्तकात शिफ्ट सोपवण्यावरचं प्रकरण सगळ्यात लांब झालं आहे, आणि मी ते मुद्दाम छाटलेलं नाही.

आपल्याकडे दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. 1966 मध्ये त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. बॅनर लागतात, शपथ घेतली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. मला त्या दिवसाबद्दल आदर आहे, कारण मी असे कामगार पाहिले आहेत ज्यांना वर्षातून त्या एकाच दिवशी कुणी विचारतं की तुझ्या मशीनवर काही अडचण आहे का. पण आपल्या शेडमध्ये त्याहून जुना एक दिवस आहे. खंडेनवमी. त्या दिवशी मशीन थांबतं. तेल-ग्रीस पुसून काढतात, झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. एरवी पीस मोजण्यात गुंतलेला ऑपरेटर त्या दिवशी मशीन चारी बाजूंनी बघतो. सैल बोल्ट, चीर गेलेला कंस, झिजलेली स्प्रिंग दिसते ती त्याच दिवशी. चाकणच्या एका कारखान्यात मी पूजेच्या ताटाशेजारी एक वही ठेवायला सुरुवात केली: पुसताना जे दिसेल ते लिहायचं. पहिल्याच वर्षी तीन मशीनच्या गार्डचे स्क्रू नसल्याचं लिहिलं गेलं. गार्ड नुसतं टेकवून ठेवलेलं होतं.

तीच वही पुढे बारा महिने पाण्याच्या कूलरशेजारी दोरीने बांधून ठेवली. तिला लोकांनीच 'निभावलंची वही' म्हणायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात दोनच नोंदी आल्या, त्यातली एक संडासासमोरच्या घसरड्या फरशीची. मला वाटलं, फसलं. मग एका रात्री कुणीतरी लिहिलं की सात नंबरचा रॅम वर जाऊन थांबताना किंचित खाली सरकतो. सकाळी मालकांनी, ज्यांना तिथे सगळे शेठ म्हणतात, ते वाचलं. सात नंबर बंद करायला सांगितलं. ब्रेकची पट्टी जळलेली निघाली. त्या दिवशीचा माल गेला नाही, ग्राहकाचा फोन आला, शेठनी बोलणी खाल्ली आणि कुणी लिहिलं हे विचारलंसुद्धा नाही. दुपारच्या शिफ्टला त्यांनी शॉपमध्ये उभं राहून फक्त एवढं सांगितलं की पट्टी बदलली आहे, दाखवतो, या. जुनी पट्टी त्यांच्या हातात होती. पुढच्या महिन्यात एकतीस नोंदी आल्या.

नोंदी वाढल्या की कार्यालयातली माणसं घाबरतात. परिस्थिती बिघडली असं त्यांना वाटतं. गेटवर 'अपघातविरहित दिवस' असा फलक असतो, आणि आकडा शून्यावर येऊ नये म्हणून काय काय होतं ते मी पाहिलं आहे. जखमेला शॉपमध्येच पट्टी बांधून माणसाला खुर्चीवर बसवून ठेवतात, खाडा पडू नये म्हणून. हाताला टाके पडलेला कामगार 'घरी पडला' होतो. कंत्राटदाराचा माणूस असेल तर त्याचं नाव ईएसआयला, म्हणजे कामगार विमा योजनेत, अपघाताच्याच दिवशी नोंदवलं जातं. अशा फलकाखाली बक्षीस ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सलग दिवसांवर बक्षीस ठेवलं की जखमी माणूस आपल्याच सोबत्यांचा गुन्हेगार होतो.

या पुस्तकात मी ज्याच्याशी सगळ्यात जास्त भांडलो आहे ते वाक्य म्हणजे 'कामगार ऐकतच नाहीत'. दोन हातांच्या बटणाचं उदाहरण घ्या. नव्या प्रेसवर दोन बटणं असतात, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक होत नाही, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पाहणीला गेलं की कित्येकदा एका बटणात लाकडाची पाचर असते किंवा ते तारेने दाबून बांधलेलं असतं. ऑपरेटरला विचारलं तर तो मान खाली घालतो. त्याच्या पगाराची चिठ्ठी पाहिली की उत्तर मिळतं. शिफ्टचं टार्गेट जुन्या पायडलवाल्या मशीनच्या हिशोबाने ठरलेलं असतं आणि दोन हातांनी ते पूर्ण होत नाही. ओव्हरटाइम कापला जातो. पाचर त्याने मारली, पण ती कुठून आली हे शोधायचं असेल तर टार्गेट ठरवणाऱ्याच्या टेबलापर्यंत जावं लागतं. त्या टेबलालाही वर एक टेबल आहे, कारण सुट्या भागाचा दर मोठ्या वाहन कंपन्यांच्या खरेदी विभागात ठरतो. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर गडबड दिसली की कामगार दोरी ओढतो आणि लाइन थांबू शकते. ही पद्धत आपल्या व्यवस्थापनाच्या वर्गांत फार कौतुकाने शिकवली जाते. मोठ्या कारखान्याच्या शेवटच्या लाइनवर अशी दोरी असते. तिथे लागणारा कंस जिथे ठोकला जातो, त्या तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या शेडमध्ये ती पोचलेली नाही.

कायद्याचंही तसंच. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांतल्या कामगारांना, जिवाला धोका दिसतो आहे असं व्यवस्थापनाला बजावण्याचा हक्क मिळाला. व्यवस्थापनाने त्यावर ताबडतोब पावलं उचलायची. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेने असा धोका कळवण्याचा हक्क सर्वच आस्थापनांतल्या कामगारांना दिला. हे मोठं पाऊल आहे. पण त्याच संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर गेली, आणि सुरक्षा अधिकारी बंधनकारक झाला तो साधारण कारखान्यात 500 कामगार असतील तर. ज्या शेडमध्ये पंधरा-वीस माणसं आणि आठ प्रेस आहेत, तिथे हक्क कागदावर आला, पण तो ऐकून घेणारा नेमलेला माणूस आला नाही. त्या शेडसाठीच हे पुस्तक आहे. पाचशे माणसांच्या कारखान्यात माझ्याहून जाणती माणसं आहेत.

आरोग्याबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण तिथे 'निभावलं' म्हणायची संधीसुद्धा मिळत नाही. बोट एका क्षणात जातं. कान वीस वर्षांत जातात. आपल्याकडे आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल आहे, आणि भरात चाललेल्या प्रेसशॉपमध्ये ती सहज ओलांडली जाते. आवाजाने आलेला बहिरेपणा हा कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या 29 रोगांपैकी एक होता, म्हणजे तो आढळला की कळवणं बंधनकारक. माझ्या सगळ्या नोकरीत तो कळवलेला मी पाहिला नाही. पण कामगारांच्या घरी गेलो की पाहिला. टीव्हीचा आवाज शेवटच्या खुणेपर्यंत असतो. बायको दारातून बोलत नाही, जवळ येऊन खांद्याला हात लावून बोलते. एका वहिनींनी मला सांगितलं, "भाऊजी, आता आमच्यात भांडणच होत नाही, त्यांना ऐकूच येत नाही." त्या हसून म्हणाल्या. मला मान वर करता आली नाही, कारण त्या शॉपमध्ये कानात घालायचे प्लग कपाटात कुलूपबंद होते आणि किल्ली स्टोअरकीपरकडे होती.

तीन बोटं गेलेला तो मुलगा मला बऱ्याच वर्षांनी भेटला, गावाकडच्या एसटी स्टँडवर. डाव्या हाताने लिहायला शिकला होता, एका पतसंस्थेत शिपाई होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना त्याने विचारलं, "साहेब, चार नंबरची चावी मग बदलली का?" बदलली होती, दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी. मी हो म्हणालो. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी सांगितलं नव्हतं की सोमवारी मला कळलं होतं. त्या दिवशी स्टँडवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की फॉर्मवर काय लिहिलं होतं ते त्याला माहीत आहे, ईएसआयच्या दवाखान्यात कुणीतरी वाचून दाखवलं होतं. हे पुस्तक लिहायला मी त्याच आठवड्यात घेतलं.

वाचणाऱ्यांना एक-दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सुपरवायझरने तिसरं प्रकरण आधी वाचावं, आणि जमलं तर शिफ्ट सुरू होताना पाच-पाच मिनिटं मोठ्याने वाचून दाखवावं. आज चाकण-भोसरीच्या शेडमध्ये निम्म्याहून अधिक चेहरे बिहार, झारखंड, ओडिशाकडचे दिसतात. त्यांच्यापर्यंत मराठी मजकूर पोचणार नाही, म्हणून क्लच, गार्ड आणि ब्रेक तपासण्याची प्रकरणं चित्रांतून केली आहेत. चित्रं फाडून मशीनवर चिकटवायला हरकत नाही. पुस्तक त्याने खराब होत नाही. मालकांनी खर्चाचं प्रकरण वाचताना ब्रेकची पट्टी आणि स्प्रिंग यांची आजची किंमत स्वतः बाजारात विचारून पेन्सिलने समासात लिहावी.

शेवटची सोळा पानं रेघा आखून कोरी ठेवली आहेत. रकाने पाच आहेत: तारीख, शिफ्ट, मशीन नंबर, काय झालं, आणि त्यावर काय केलं. पाचव्या रकान्यात काम करणाऱ्याने सही करायची आहे. सांगणाऱ्याच्या नावासाठी रकाना नाही.